वाईनची पारख आणि आपली द्राक्षबाग



गुळाच्या सौद्यात व्यापारी आधी रव्याचा रंग बघतो, मग कणी बघतो आणि शेवटी खडा जिभेवर ठेवतो. युरोपात वाईनची पारख अशीच होते. आधी डोळा, मग नाक, मग जीभ. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. त्यानंतर आपल्याकडे पुष्कळांनी वाईनच्या जाती लावल्या. त्यांनी ही पारख समजून घ्यावी. कारण चव घेणारा जे दोष काढतो, त्यातले बरेचसे बागेतूनच आलेले असतात.

पारखीची रीत अशी :

१) रंग – दांडीच्या, तोंडाशी निमुळत्या ग्लासात सुमारे ५० मिलिलिटर वाईन घेतात. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरतात. तांबडी वाईन नवी असली की जांभळट दिसते, जुनी झाली की विटकरी. कोवळी पांढरी वाईन तपकिरी दिसली, तर ती हवा लागून बिघडली असावी.

२) वास – आधी ग्लास न हलवता, मग गोल फिरवून वास घेतात. व्हिनेगरसारखा वास आला तर वाईन आंबली. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बहुधा बुचाचा दोष.

३) चव – घोट तोंडभर फिरवायचा. गोडी, आंबटपणा, तुरटपणा आणि अल्कोहोलची ऊब यांचा मेळ बसतो का ते बघायचे. चव किती वेळ रेंगाळते तेही बघायचे. मग घोट थुंकून टाकायचा. जाणकार एका बैठकीत अनेक नमुने तपासतात, म्हणून ते गिळत नाहीत. पारख करणे वेगळे आणि पिणे वेगळे, हे ध्यानात ठेवा.

मेळ म्हणजे काय? जर्मनीत मोझेल नदीकाठची रिझलिंग वाईन घ्या. तिच्यात गोडी असली तरी आंबटपणा भक्कम असतो, म्हणून ती मिट्ट लागत नाही. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या तांबड्या वाईनचा तुरटपणा मुख्यतः सालीतून आणि बियांतून येतो. द्राक्ष कच्चे असेल तर तोच तुरटपणा घशाला ओढ लावतो.

नावाला मात्र भुलू नये. बोर्दोच्या दलालांनी १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मळ्यांच्या पाच प्रती लावल्या, त्या बाजारभाव बघून. ती यादी आजही मानतात. पण १९७६ साली पॅरिसला फ्रेंच जाणकारांनी बाटल्यांची नावे झाकून वीसपैकी गुण दिले, तेव्हा तांबड्यात आणि पांढऱ्यातही पहिला नंबर कॅलिफोर्नियाच्या वाईनला गेला! लेबल झाकले की मालच बोलतो.

आता आपल्या बागेकडे वळू. खाण्याच्या थॉमसनचे माप वाईनच्या जातींना लावू नका. वेलावर घडांचा भार जास्त ठेवला तर वजन भरते, पण वाईन पाणचट होते. नुसती साखर बघूनही तोडणी करू नका. लिटरभर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का अल्कोहोल होते, हे खरे. पण आपल्याकडे ऊन तापले की साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा उतरतो. मग वाईन मिळमिळीत लागते. म्हणून तोडणीआधी बागेच्या निरनिराळ्या ओळींतले मणी चाखा. बी हिरवे आहे की तपकिरी झाले, ते बघा. साखरेबरोबर आम्लताही मोजून घ्या. तोडणी पहाटेच्या गारव्यात करा, आणि कुजका घड क्रेटमध्ये जाऊ देऊ नका.

कारखान्याशी करार करताना भाव कशावर ठरणार, साखर किती, आम्लता किती, माल कोणत्या कारणाने नाकारणार, हे सारे कागदावर लिहून घ्या. पारख त्यांना येते, तशी आपल्यालाही आली पाहिजे. म्हणजे सौद्याला बसताना आपली बाजू पडती राहणार नाही.