ताकद परत येते, पण तिच्या चालीने

आज आम्ही आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगणार आहोत. तिला विचारूनच सांगतोय, नाव मात्र घेणार नाही.

तिला जुलाब झाले आणि थांबलेही. आठ-दहा दिवसांनी पायांना मुंग्या आल्या. दोन दिवसांत उंबरा ओलांडता येईना. दवाखान्यात निदान झालं, जीबीएस. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी भागात या आजाराचे खूप रुग्ण सापडले, तेव्हा हे नाव आपण ऐकलं होतं. यात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर उलटते. नसा दुखावल्या की स्नायूंना निरोप पोचत नाही. रुग्णाला हात लावल्याने हा आजार होत नाही, म्हणून भेटायला जायला घाबरू नका.

पाच आठवड्यांनी ती घरी आली, तेव्हा हातात चमचा धरवत नव्हता. आम्ही पाळ्या लावल्या. आणि चूकही आम्हीच केली. "जोर लाव, चाल," म्हणत पहिल्याच आठवड्यात तिला अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या दिवशी तिला कूसही बदलता येईना. एकीने माया म्हणून गरम विटेने तळपाय शेकले. पायाला संवेदना कमी, तिला चटका कळलाच नाही. मोठा फोड आला.

मग फिजिओथेरपिस्ट ताईंनी आम्हाला शिकवलं, ते तुम्हीही ऐका.

ती स्वतः हलवू शकत नाही तोवर आपण तिचे सांधे हलवायचे. बोटं, मनगट, कोपर, खांदा, गुडघा, घोटा, सगळे हळूहळू, दुखेल तिथे थांबून. नाहीतर सांधे आखडतात. पाऊल खाली लोंबू द्यायचं नाही, उशीचा आधार देऊन सरळ ठेवायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. उठवताना आधी थोडा वेळ बसवायचं, एकदम उभं केलं तर चक्कर येते. श्वासाचे व्यायाम रोज करायचे.

ताकद येऊ लागली की व्यायाम थोडा थोडा, दिवसातून तीन-चार वेळा, मध्ये विश्रांती. दुसऱ्या दिवशी जास्त थकवा किंवा दुखणं वाटलं, तर कालचा व्यायाम जास्त झाला असं समजायचं आणि कमी करायचा. आळस म्हणून तिला बोल लावायचा नाही. शेकणं, जोराने चोळणं विचारल्याशिवाय नको.

बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, पण महिने लागतात, कुणाला वर्ष-दोन वर्षंही. काहींना थोडा अशक्तपणा राहतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पायांतली कमजोरी वर चढत असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर घरी थांबू नका. १०८ला फोन करा. व्यायाम नंतरचा, आधी दवाखाना. आणि पाणी उकळून प्या, अन्न नीट शिजवा.

आमची मैत्रीण सातव्या महिन्यात काठी टेकत बैठकीला आली. डावा पाय अजून ओढते. पण त्या दिवशी वहीत तिने अंगठा दिला नाही. पेन मागितलं आणि वाकडीतिकडी का होईना, स्वतः सही केली.

येतो आम्ही. नमस्कार.