खिशातला फोन आणि ११२



खिशातल्या फोनने परस्पर कुणाला तरी फोन लावला, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते आणि आपण ती हसण्यावारी नेतो. मेव्हण्याला फोन लागला असेल तर हसून सोडून द्यावं. पण तो ११२ या आपत्कालीन क्रमांकावर लागला, तर पलीकडे कुणीतरी कान देऊन बसलेलं असतं. इकडून आवाज येत नाही म्हणून त्यांना लगेच फोन ठेवता येत नाही. न जाणो, बोलणाऱ्याचं तोंड कुणी दाबून धरलं असेल, नाहीतर त्याची वाचाच गेली असेल.

हे घडतं कसं? आजच्या पडद्याला दाब लागत नाही. काचेखाली पारदर्शक वाहक द्रव्याचं बारीक जाळं असतं. आपलं शरीर वीजवाहक, त्यामुळे बोट जवळ येताच तिथल्या विद्युतक्षेत्रात फरक पडतो आणि फोन त्यालाच स्पर्श समजतो. तो स्पर्श बोटाचा की मांडीचा, हे त्याला नेमकं ओळखता येत नाही. खिशाचं अस्तर पातळ. एसटीच्या बाकावर बसलं की ते मांडीला घट्ट चिकटतं, आणि उकाड्यात घामाने भिजतंही. म्हणून फोन खिशात ठेवताना पडदा अंगाकडे नको, बाहेरच्या बाजूला हवा. धक्क्याने काच फुटण्याची भीती असेल, तर झाकणाचं कव्हर घ्या.

पडदा झोपलेला असेल तर असे स्पर्श सहसा वाया जातात. तेव्हा त्याला जागं कोण करतं ते शोधा. दोनदा टिचकी मारली की जागा होणारा आणि उचलला की उजळणारा पडदा, या दोन सोयी आधी बंद करा. मग सेटिंगमध्ये जाऊन खिशातल्या स्पर्शांना अटकाव करणारी सोय चालू करा. सॅमसंगमध्ये ती ‘अ‍ॅक्सिडेंटल टच प्रोटेक्शन’ नावाने, तर शाओमीच्या अनेक फोनमध्ये ‘पॉकेट मोड’ नावाने मिळते. पडद्याच्या वरच्या कडेचा सेन्सर झाकला गेला, की फोन खिशात आहे हे ती ओळखते. स्वस्तातली काच लावून घेताना तो सेन्सर झाकला गेला, तर ही सोय धड चालत नाही. दुकानातून उठण्यापूर्वी एवढं तपासून घ्या.

बाजूच्या बटणाची गोष्ट वेगळी आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदेशानुसार १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटकाळचं बटण असणं बंधनकारक झालं. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण झटपट तीनदा दाबणं हा त्याचा एक मार्ग. पुढे २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये ते पाचदा दाबून मदत मागण्याची सोय आली. जून २०२३ मध्ये ब्रिटनच्या पोलिसप्रमुखांच्या परिषदेने जाहीरपणे सांगितलं, की ९९९ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर येणारे फोन विक्रमी संख्येने वाढले आहेत आणि त्यामागच्या कारणांत अँड्रॉइडमधल्या या बदलाचा मोठा वाटा असावा.

म्हणून ही सोयच बंद करून टाकावी का? माझं ठाम उत्तर ‘नाही’ असं आहे. रात्री एकटी घरी येणारी मुलगी, न्हाणीघरात पाय घसरून पडलेले आजोबा, यांना लॉक उघडत बसायला वेळ नसतो. ते बटण सोपं असायलाच हवं, आणि जे सोपं असतं ते चुकूनही दाबलं जाणारच. मधला मार्ग आहे: फोन लागण्याआधी काही सेकंद उलटी मोजणी आणि मोठा इशारा देण्याचा पर्याय असेल, तर तो चालू ठेवा. म्हणजे खिशातून आवाज आला, की थांबवायला वेळ मिळतो. घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनवर ही सगळी जुळवाजुळव तुम्ही स्वतः बसून करून द्या.

आणि एक विनंती. इतकं करूनही कधी ११२ ला फोन लागलाच, तर घाबरून तोडू नका. तोडला, तर खरंच कुणी संकटात आहे का, याचा छडा लावण्यात त्यांचा वेळ जाईल. लाइनवर थांबा, आणि ‘चुकून लागला, मी सुखरूप आहे’ एवढं स्पष्ट सांगा.