यंत्राचा अभिप्राय आणि विश्वस्तांचा निर्णय

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा पन्नास वर्षांच्या हिशेबाकडे वळून पाहण्याचा प्रसंग असतो. जुन्या संस्थांच्या कपाटात आजही लाल कापडी बांधणीच्या चोपड्या सापडतात. रोजमेळ, खतावणी, तेरीज यांतील प्रत्येक आकड्यामागे कोणाचे तरी हस्ताक्षर असते आणि त्या हस्ताक्षराला जाब विचारता येतो. आता त्या चोपड्यांची जागा संगणकाने घेतली आहे. एवढेच नव्हे, तर केवळ बेरीज-वजाबाकी न करता 'असे करावे' असा सल्ला देणारी यंत्रेही कार्यालयांत आली आहेत. हिशेब यंत्राने केला, सल्लाही यंत्राने दिला, तर निर्णय कोणाचा मानावयाचा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या प्रश्नाची सुरुवात लंडनमधील चहाच्या दुकानांत होते. व्यापारी कामाला नियमितपणे संगणक जुंपण्याचा जगातील पहिला मान कोणा बँकेला मिळालेला नाही. तो चहा, पाव आणि केक विकणाऱ्या जे. लायन्स अँड कंपनी या पेढीला मिळाला. या पेढीचे कार्यालयप्रमुख जॉन सिमन्स हे गणिताचे पदवीधर होते. लाखो लहानसहान बिलांचा हिशेब ठेवण्यात कारकुनांची शक्ती वाया जाते, ही त्यांची जुनी खंत होती. १९४७ मध्ये पेढीचे दोन अधिकारी अमेरिकेत कार्यालयीन पद्धती पाहण्यासाठी गेले असता त्यांना समजले की, असे यंत्र त्यांच्याच देशात केंब्रिज विद्यापीठात बांधले जात आहे. लायन्सने विद्यापीठाला आर्थिक साहाय्य केले आणि त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र उभारले. त्याचे नाव 'लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस', संक्षेपाने 'लिओ'. नोव्हेंबर १९५१ पासून बेकरीच्या मालाचे साप्ताहिक मूल्यांकन या यंत्रावर होऊ लागले. पुढे कर्मचाऱ्यांचे पगारपत्रकही त्यावर चढले. एका कर्मचाऱ्याच्या पगाराच्या ज्या हिशेबाला अनुभवी कारकुनाला सुमारे ८ मिनिटे लागत, तो लिओ दीड सेकंदात करी.

तथापि या यंत्राची खरी थोरवी वेगात नव्हती. १९५४ मध्ये दुकानांच्या मागणीचे काम लिओकडे आले, तेव्हा डेव्हिड कॅमिनर यांनी एक सुंदर व्यवस्था बसविली. प्रत्येक दुकानाची वारानुसार ठरलेली मागणी यंत्रात नोंदलेली असे. दुकान सांभाळणारी व्यवस्थापिका दूरध्वनीवरून फक्त फेरफार कळवी. उद्या अमुक पदार्थ जास्त लागेल, तमुक कमी पाठवा, एवढेच तिने सांगावयाचे. कार्यालयातील कर्मचारी ते ऐकता ऐकताच छिद्रपत्रांवर नोंदवीत. त्यावरून रात्रीचे उत्पादन, मालाची बांधणी, गाड्यांचा क्रम, बिले आणि व्यवस्थापनाचे अहवाल यंत्र तयार करी. उद्या पाऊस पडेल की ऊन, शेजारी मेळा आहे की नाही, गिऱ्हाइकाचा कल कोठे आहे, हे जाणणारी व्यक्ती दुकानातच असे आणि तिचा शब्द यंत्राच्या नोंदीवर चालत असे. दुकानदारी केलेल्या कोणालाही या व्यवस्थेतील शहाणपण समजावून सांगावे लागणार नाही.

दोन दशकांनंतर यंत्राने हिशेबाच्या पलीकडे पाऊल टाकले. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्दप्रयोग जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये रूढ केला होता. १९७० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मायसिन' नावाची प्रणाली रचली. रक्तातील जंतुसंसर्ग आणि मेंदूज्वर यांवर कोणते प्रतिजैविक द्यावे, याचा ती सल्ला देई. तज्ज्ञ डॉक्टरांचे अनुभव 'अमुक असेल तर तमुक' अशा शेकडो नियमांच्या रूपात तिच्यात साठविलेले होते. या प्रणालीच्या दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक म्हणजे, तिचे प्रत्येक अनुमान निरपवाद नसे. उणे एक ते अधिक एक या मर्यादेत त्याला निश्चिततेचा अंक जोडलेला असे. दुसरी म्हणजे, डॉक्टरने 'का?' असे विचारले तर कोणत्या नियमाने आपण तेथे पोहोचलो, हे ती सांगत असे. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत मेंदूज्वराच्या १० रुग्णांवरील तिचे उपचार परीक्षकांनी ६५ टक्के ग्राह्य ठरविले. वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांचे उपचार ४२.५ ते ६२.५ टक्के ग्राह्य ठरले. असे असूनही मायसिन रुग्णालयातील नित्य वापरात कधीच आली नाही. चूक झाल्यास जबाबदार कोण, हा प्रश्न तेव्हाही अनुत्तरित होता.

अभिप्रायाबरोबर त्याची मर्यादा सांगावी, ही कल्पना जैन श्रोत्यांना नवखी वाटू नये. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये सांख्यिकीच्या पायाविषयी लिहिताना जैनांच्या स्याद्वादाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. १९५७ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन या थोर जीवशास्त्रज्ञानेही सप्तभंगीवर स्वतंत्र लेख लिहिला. भारतात आलेला पहिला संगणक महालनोबिसांच्याच कोलकात्यातील संस्थेत बसविला गेला होता, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. मात्र येथे थोडी सावधगिरी हवी. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे, हे आपल्या पंडितांनी वारंवार बजावले आहे. 'स्यात्' म्हणजे 'एका विशिष्ट अपेक्षेने'. संभाव्यतेचा अंक आणि स्याद्वाद एकच आहेत, असे म्हणणे हा उत्साहाचा अतिरेक होईल. परंतु कोणतेही विधान कोणत्या दृष्टीने केले आहे हे सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही, एवढा मुद्दा दोहोंना समान आहे. ही अपेक्षा विसरून एकाच दृष्टीला संपूर्ण सत्य मानणे म्हणजे एकान्त.

यंत्राच्या बाबतीत हा एकान्त काय घडवितो, हे पुन्हा इंग्लंडमध्येच दिसले. लिओ बनविणारी कंपनी विलीनीकरणे होत होत १९६८ मध्ये 'आयसीएल' या मोठ्या संगणक कंपनीत समाविष्ट झाली आणि १९९० मध्ये आयसीएलची सूत्रे जपानच्या फुजित्सूकडे गेली. याच घराण्यातून 'होरायझन' ही हिशेबप्रणाली निघाली आणि १९९९ पासून ब्रिटनच्या टपाल कार्यालयांत बसविली गेली. तेथील बरीचशी टपाल कार्यालये सामान्य गृहस्थ चालवितात. किराणा, कागद-पेन्सिल यांच्या दुकानाला लागून टपालाची खिडकी असते. त्यात भारतीय वंशाची कुटुंबेही पुष्कळ होती. प्रणाली सुरू झाल्यावर अनेकांच्या हिशेबात अकारण तूट दिसू लागली. करारानुसार ती तूट त्यांच्याकडून वसूल होऊ लागली. कोणी दागिने विकले, कोणी घर गहाण टाकले. मदतीसाठी दूरध्वनी केला तर 'ही अडचण फक्त तुम्हालाच येते' असे उत्तर मिळाल्याचे अनेकांनी पुढे सांगितले.

जुना दिवाणजी रोजमेळात तूट आली की आधी बेरीज पुन्हा करीत असे, मग हातचा तपासत असे, त्यानंतर चिठ्ठी हरवली का ते पाहत असे. गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडे संशयाने पाहण्याची पाळी सर्वांत शेवटी येई. येथे क्रम उलटा झाला. यंत्र चुकणार नाही हे आधी ठरले, म्हणून माणूस चोर ठरला. त्यात भर म्हणजे, संगणक नीट चालत होता हे सिद्ध करण्याची फिर्यादीवरील अट इंग्लंडच्या कायद्यातून १९९९ च्याच अधिनियमाने काढून टाकली होती. यंत्र बरोबर असल्याचे न्यायालय गृहीत धरी आणि ते चुकीचे असल्याचे पुरावे मात्र दुकानदाराच्या हाती नसत. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब या आरोपांखाली दोषी ठरविण्यात आले. भारतीय वंशाची एक महिला तर २०१० मध्ये गरोदर असताना कारागृहात गेली.

वेल्समधील लँडुड्नो येथे टपाल कार्यालय चालविणारे अ‍ॅलन बेट्स यांचा करार २००३ मध्ये रद्द करण्यात आला होता. त्यांनी हट्ट सोडला नाही. विखुरलेल्या माणसांना त्यांनी एकत्र आणले, तेव्हा 'फक्त तुम्हालाच' हे उत्तर खोटे असल्याचे प्रथमच उघड झाले. ५५५ जणांनी मिळून दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने होरायझनमध्ये दोष होते आणि त्यांमुळे हिशेबात चुका होऊ शकत होत्या, असा निर्वाळा दिला. दुकानदाराच्या नकळत त्याचे खाते दुरून बदलता येत होते, हेही सिद्ध झाले. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली आणि मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून अशा शेकडो शिक्षा एकदम पुसून टाकल्या. जुलै २०२५ मधील चौकशी अहवालाच्या पहिल्या खंडात, किमान १३ जणांनी यापायी आत्महत्या केली असावी, असे नमूद आहे. संगणकाविषयीच्या त्या कायदेशीर गृहीतकावर ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२५ मध्ये मते मागविली. जे. लायन्सच्या व्यवस्थेत दुकानातील व्यक्तीचा शब्द यंत्राला दुरुस्त करीत असे; अर्ध्या शतकानंतर त्याच वंशातील यंत्रापुढे दुकानातील व्यक्तीच्या शब्दाला किंमत उरली नव्हती.

होरायझन ही साधी हिशेबप्रणाली होती. तिला बुद्धिमत्तेचा दावाही नव्हता. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता त्याहून गहन आहे. ती मायसिनप्रमाणे लिहून दिलेल्या नियमांवर चालत नाही, तर मागील लक्षावधी उदाहरणांवरून स्वतःच वळण शिकते. म्हणून 'का?' या प्रश्नाचे सरळ उत्तर तिच्याकडून सहसा मिळत नाही. मागील उदाहरणांतला पक्षपातही ती मुकाट्याने उचलते. नोकरीचे अर्ज चाळण्यासाठी अ‍ॅमेझॉनने घडविलेली प्रणाली स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखते, असे आढळल्याने ती सोडून द्यावी लागली, हे वृत्त २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी पुरुषांचीच भरती अधिक झाली होती आणि यंत्र तेच शिकले होते. म्हणून अशी प्रणाली घेऊच नये, असे नाही. हजारो अर्जांतून अपुरी कागदपत्रे शोधणे, खर्चातील विसंगती दाखविणे, पुढील वर्षाचा अंदाज बांधणे ही कामे ती माणसापेक्षा चांगली करते आणि तिला ती खुशाल करू द्यावीत.

संस्थात्मक निर्णयांचा शास्त्रीय अभ्यास करणारे आणि १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे हर्बर्ट सायमन स्वतः कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रवर्तकांपैकी होते. त्यांनी १९४७ मधील आपल्या ग्रंथात निर्णयाचे दोन आधार वेगळे केले होते : एक तथ्याचा, दुसरा मूल्याचा. धार्मिक ट्रस्टच्या विश्वस्तांना हा भेद रोजच्या व्यवहारात भेटतो. देवद्रव्यात शिल्लक आहे आणि साधारण खात्यात तूट आहे, असे ज्या वर्षी घडेल, त्या वर्षी कोणतीही सामान्य हिशेबप्रणाली एकातून दुसऱ्यात रक्कम वळविण्यास सुचवील. तिच्या दृष्टीने दोन्ही रुपयेच आहेत. जिनमंदिराचे द्रव्य साधारण कामाला आणि जीवदयेचे द्रव्य इमारतीला लावता येत नाही, ही मर्यादा तिला कोणीतरी शिकवावी लागते. आणि शिकविल्यानंतरही ती पाळली जाते की नाही, हे पाहण्यासाठी माणूस लागतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यापुढेही उत्तर द्यावयाचे असते ते विश्वस्तांनी. संगणक पुरविणाऱ्याने नव्हे.

शिष्यवृत्ती आणि वैद्यकीय साहाय्य यांचे अर्ज पुढेमागे संगणकावर चाळले जातील, तेव्हा एक लहानशी व्यवस्था आरंभापासून ठेवता येईल. अर्जांच्या नोंदवहीत तीन रकाने असावेत : पहिल्यात यंत्राचा अभिप्राय, दुसऱ्यात त्याचे कारण, तिसऱ्यात विश्वस्तांचा निर्णय. दुसरा रकाना कोरा राहिला तर पहिला वाचू नये. तिसऱ्या रकान्याखाली सही शाईने व्हावी, आणि ज्याला नकार मिळाला त्याला त्या सहीच्या धन्याला समक्ष भेटता यावे.

जय जिनेंद्र!