रुग्णाची बाजू

मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शाळामास्तर वैद्यकीय नीतीवर बोलूं लागला, तर आपण रेडिओचें बटन फिरवाल अशी मला भीति वाटते. परंतु उपचार करणारा कसा असावा हें सांगण्याचा थोडासा अधिकार उपचार करून घेणाऱ्यालाही असतो. तेवढ्याच अधिकारानें मी आज बोलणार आहें.

दोन वर्षांपूर्वीं माझी पत्नी न्हाणीघरांत घसरून पडली आणि तिच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं पंचवीस-सव्वीस वर्षांची एक मुलगी खाटेपाशीं येऊन उभी राहिली. ती फिजिओथेरपिस्ट, सरकारी मराठींत ज्यांना भौतिकोपचारतज्ज्ञ म्हणतात, त्यांपैकीं एक. "काकू, आज पलंगाच्या कडेला बसून पाहूं या. जमलें तर क्षणभर उभ्याही राहूं," ती म्हणाली. पत्नीनें स्पष्ट सांगितलें, "नाहीं."

आतां, उतारवयांत खुबा मोडलेलें माणूस अंथरुणाला खिळून राहिलें, तर छातींत कफ सांचतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि स्नायूंची शक्ति पाहतां पाहतां ओसरते. हें शल्यवैद्यांनीं आम्हांला बजावलेंच होतें. तेव्हां माझा मुलगा जें म्हणाला, तें शास्त्राला धरूनच होतें. तो म्हणाला, "ताई, तुम्ही तिचें ऐकूं नका. धरून उभें करा." मीही मान डोलावली.

ती मुलगी शांतपणें म्हणाली, "दादा, पाय काकूंचा आहे. त्यांनीं हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाहीं." आणि तिनें आम्हां बापलेकांना खोलीबाहेर घालविलें. पंधरा मिनिटांनीं दार उघडलें, तेव्हां पत्नी वॉकर धरून उभी होती.

कारण मला पुढें कित्येक दिवसांनीं कळलें. रुग्णालयाचा तो पाठीमागें उघडा अंगरखा, लघवीची लोंबती पिशवी, आणि खोलींत आम्ही दोघे व एक वॉर्डबॉय, असे तीन पुरुष! त्या स्थितींत तिला उभें राहावयाचें नव्हतें, एवढेंच. त्या मुलीनें तिला विचारलें, पडदा ओढला, कमरेला चादर गुंडाळली, पिशवी झांकली आणि वॉर्डबॉयऐवजीं आयाबाईंना बोलाविलें. चाळीस वर्षें संसार केलेल्या नवऱ्याला जें उमगलें नाहीं, तें तिला एका प्रश्नानें उमगलें.

या घटनेनंतर या व्यवसायाविषयीं मीं जरा वाचन केलें, आणि एक मौजेची गोष्ट आढळली. इंग्लंडमध्यें या धंद्याची संघटना जन्मली तीच मुळीं अब्रू राखण्यासाठीं. १८९४ सालीं लंडनमध्यें मसाजच्या नांवाखालीं चालणाऱ्या अनैतिक धंद्यांवर 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नें झोड उठविली. प्रामाणिकपणें अंगमर्दनाचें काम करणाऱ्या स्त्रियांनाही लोक संशयानें पाहूं लागले. तेव्हां ल्यूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चार परिचारिकांनीं एक संस्था काढली. आजच्या 'चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी'चें तें मूळ. त्यांचे आरंभींचे नियम मोठे कडक होते. डॉक्टरांच्या आदेशाशिवाय मसाज करावयाचा नाहीं. पुरुषांना सर्वांगाचा मसाज द्यावयाचा नाहीं, अपवाद केवळ डॉक्टरांच्या खास विनंतीवरून. वैद्यकीय नियतकालिकांखेरीज कोठेंही जाहिरात करावयाची नाहीं. आणि रुग्णाला औषधें विकावयाचीं नाहींत.

त्या काळीं हे नियम अवश्यच होते. पण यांतील पहिला नियम पाहा. नीति म्हणजे आज्ञापालन, असा त्याचा अर्थ होतो. माझ्या शाळेंतही आरंभीं मीं मुलांना हीच नीति शिकविली, हें येथें कबूल करतों. आज्ञा देणारा दूर असेल आणि समोरची परिस्थिति बदललेली असेल, तर काय करावें? पत्नीला घरीं आणल्यावर तिसऱ्या आठवड्यांत हा प्रश्न आमच्या दारांत येऊन उभा राहिला.

तीच मुलगी घरीं येत असे. त्या दिवशीं जिना चढण्याचा सराव करावयाचा, असें कागदावर लिहिलेलें होतें. पत्नीची पोटरी आदल्या रात्रीपासून सुजली होती व दुखत होती. मी कोमट तेलाची वाटी घेऊन तयारच होतों. तिनें दोन्ही पोटऱ्या पाहिल्या, टेपानें मापल्या आणि म्हणाली, "काका, तेल ठेवून द्या. चोळूं नका. आज व्यायामही नाहीं." मग तिनें रुग्णालयांत फोन लावला. पलीकडचे कनिष्ठ डॉक्टर म्हणाले, सूज असतेच, व्यायाम चालूं ठेवा. ही अतिशय नम्रपणें पण ठामपणें म्हणाली, "सर, मी तो देऊं शकत नाहीं. यांची सोनोग्राफी आजच व्हायला हवी. मी मोठ्या सरांशीं बोलतें." आणि ती बोलली. सायंकाळीं तपासणी झाली. शिरेंत गुठळी निघाली. ती सुटून फुप्फुसांत गेली असती तर काय झालें असतें, तें मला नंतर सांगण्यांत आलें. त्या दिवशींची फी मीं पुढें केली, तेव्हां ती म्हणाली, "तपासणीची घेतें, व्यायामाची नको." हिशेबही किती चोख!

इंग्लंडमध्यें १९७७ सालीं आरोग्य खात्यानें एक परिपत्रक काढलें. आपल्या ज्ञानाप्रमाणें जो उपचार रुग्णाला अपायकारक ठरेल, तो नाकारणें हें उपचारकाचें कर्तव्य आहे, आणि म्हणूनच तो त्याचा हक्कही आहे, असें त्यांत मानलें गेलें. १८९४ पासून तेथपर्यंत यावयास ८३ वर्षें लागलीं. आपल्याकडे या विषयाचें रीतसर शिक्षण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५३ च्या सुमारास सुरू झालें, आणि देशभर लागू होणारा कायदा २०२१ सालीं झाला. कायद्यानें नोंदणी होईल, पदवी तपासली जाईल. पडदा मात्र ज्याचा त्यालाच ओढावा लागेल.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यापूर्वीं माझा खांदा आखडला होता, तेव्हां मी एका ठिकाणीं जात असें. तेथें तीस बैठकींचे पैसे एकदम भरले कीं सूट मिळे. शेकाची पिशवी ठेवावयाची, विजेच्या यंत्राच्या पट्ट्या चिकटवावयाच्या, आणि यंत्र लावून देणारा पोरगा पडद्याआड निघून जाई. तीस दिवसांत 'हात वर करून दाखवा' असें मला कोणी म्हटलें नाहीं. आणखी किती दिवस, असें विचारलें, तर नवें कार्ड पुढें आलें. पुढें या मुलीनें काठी घेऊन करावयाचे तीन व्यायाम मला कागदावर चित्रें काढून शिकविले आणि चौथ्या भेटींत म्हणाली, "काका, आतां माझें काम संपलें. रोज करा, सवड लागेल, पण होईल." झालेंही तसेंच.

त्या तीस बैठकींचा मला राग आला खरा. पण रागावतांना एक जुनी आठवण टोंचत राहिली. माझ्या शिकवणीला एक मुलगा येत असे. त्याचें गणित सुधारलें आहे, हें मला दिवाळींतच कळलें होतें. त्याच्या वडिलांना तें मीं वार्षिक परीक्षेपर्यंत सांगितलें नाहीं. घरांत थोरलीच्या लग्नाची जुळवाजुळव चालली होती. असो.

जिन्याची हकीकत राहिली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाहीं, आणि जिन्याला कठडा एकाच बाजूस. उतरतांना तो पत्नीच्या दुबळ्या हाताकडे येई. त्या मुलीनें पत्नीला विचारून गृहसंस्थेच्या सचिवांना पत्र लिहिलें: दुसऱ्या बाजूस दांडी कां हवी, किती उंचीवर हवी, सर्व मापांसह. सचिव म्हणाले, एका सभासदासाठीं हा खर्च कसा करावा? मी गप्प बसलों. सचिवांशीं माझें जाण्यायेण्याचें नातें. पण सभेच्या दिवशीं पत्नी स्वतः काठी टेकीत खालीं गेली आणि तें पत्र तिनें उभ्यानें वाचून दाखविलें. दांडी बसली, परंतु आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंतच. परवां तिसऱ्या मजल्यावरचे वृद्ध गृहस्थ मला थांबवून विचारीत होते, "मास्तर, त्या मुलीचा फोन नंबर आहे का हो? मलाही एक पत्र लिहून हवें आहे."