आधी ओळख, मग विळा
(शिक्षक-संमेलनात वाचलेले भाषण)



मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस लोटले की शाळेच्या कुंपणालगत, विहिरीच्या काठी, उकिरड्यावर आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना हिरवळ उगवते. शाळेच्या स्वच्छतादिनी ही सारी हिरवळ ‘गवत’ या एकाच नावाखाली उपटली जाते. वस्तुतः तिच्यात गुरांचा चारा असतो, टाकळ्यासारखी रानभाजी असते. आणि त्यांच्याच आडोशाने दूर देशांतून आलेल्या व येथील माती बळकावून बसलेल्या काही वनस्पतीही असतात. मित्र कोण आणि शत्रू कोण हे न ओळखता विळा चालविला, तर कधी उपयुक्त झाड जाते आणि कधी मुलांच्या अंगावर दुखणे येते. म्हणून वनस्पतींची ओळख हा निसर्ग-अभ्यासातील केवळ हौसेचा पाठ नव्हे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. परदेशातून आलेली प्रत्येक वनस्पती घातक नसते. मिरची, मका, बटाटा, पेरू आणि सीताफळ ही सारी मूळची अमेरिका खंडातील. पण आज त्यांच्यावाचून येथील स्वयंपाकघर चालावयाचे नाही. उलटपक्षी, शेतात उगवणारे प्रत्येक तण परके नसते. जी वनस्पती बाहेरून येते, कोणी न लावता आपोआप फैलावते आणि स्थानिक वनस्पतींची जागा, पाणी व प्रकाश हिरावून घेते, तीच आक्रमक म्हणावयाची.

अशा वनस्पतींत गाजरगवताचा मान पहिला. काँग्रेस गवत किंवा पांढरी फुली या नावांनीही ते परिचित आहे. त्याचे मूळ स्थान मेक्सिको व आसपासचा प्रदेश. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास पुणे येथे त्याची नोंद झाली, आणि पुढे ते देशभर पसरले. नावात गवत असले तरी हे गवत नव्हेच. खऱ्या गवताचे पान लांबट पात्यासारखे असून त्यावरील शिरा समांतर धावतात आणि काडीला पेरे असतात. गाजरगवताची पाने गाजराच्या किंवा शेवंतीच्या पानांसारखी कातरलेली असतात. रोप लहान असताना ती जमिनीलगत चक्राकार पसरतात. नंतर मधून फांद्यांचे खोड वर येते आणि शेंड्यांवर पांढऱ्या, बारीक फुलांचे घोस दिसू लागतात. एकेका झाडापासून हजारो बिया तयार होतात. त्या वाऱ्याने, पाण्याने, तसेच गाड्यांच्या चाकांना लागलेल्या चिखलातून दूरवर जातात.

या ठिकाणी शिक्षकाने विशेष सावध असावे. गाजरगवताच्या स्पर्शाने पुष्कळांच्या कातडीला खाज सुटते, चट्टे उठतात. त्याच्या परागांमुळे शिंका येतात व दम्याचा विकार बळावतो. पहिल्या दिवशी काहीच झाले नाही म्हणून निर्धास्त राहणे योग्य नाही, कारण वारंवार संपर्क आल्यावरही हा त्रास सुरू होऊ शकतो. यास्तव हे तण मुलांच्या हातून कदापि उपटवून घेऊ नये. मुलांनी ते दुरून ओळखावे, दाखवावे, वहीत त्याचे चित्र काढावे. उपटण्याचे काम मोठ्या माणसांनी हातमोजे घालून, अंगभर कपडे व नाकातोंडावर फडके बांधून करावे. तेही फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, मुळासकट. फुलोरा आल्यावर उपटलेले झाड वाटभर बी सांडत जाते.

पावसाळ्यात याच झाडावर पांढुरक्या पाठीचा व तिच्यावर काळपट नागमोडी रेघा असलेला एक लहान भुंगा आढळतो. गाजरगवताची पाने खाऊन त्याचा जोर कमी करावा, यासाठी हा मेक्सिकोतील भुंगा १९८४ साली भारतात सोडण्यात आला. तो दिसल्यास मुलांना अवश्य दाखवावा. मारू मात्र नये.

दुसरे उदाहरण बाभळींचे. ओळख चुकली असता काय घडते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एका गावाने गायरानातील वेडी बाभूळ काढण्याचे ठरविले आणि उत्साहाच्या भरात देशी बाभळीची रोपेही तोडली. नांगराला व गाडीच्या चाकाला लाकूड देणारे, शेळ्यांना शेंगा व पाला पुरविणारे आणि डिंक देणारे झाड त्या गावाने स्वतःच्या हाताने घालविले असे होईल. या दोहोंतील भेद कठीण नाही. देशी बाभळीचे फूल पिवळ्या गोंड्यासारखे गोल असते. वेड्या बाभळीचा फुलोरा फिकट पिवळा व लांबट तुऱ्यासारखा असतो. देशी बाभळीची शेंग दोन बियांमध्ये आवळलेली, जणू ओवलेल्या मण्यांची माळच. वेड्या बाभळीची शेंग पिवळसर व सलग कडांची असून चवीला गोड असते. पानाकडे पाहिले तर वेड्या बाभळीच्या दांड्यावर उपदांड्यांच्या एक ते तीन जोड्या असतात. देशी बाभळीत त्या सहसा अधिक असून पर्णिका फार बारीक असतात. तिसरी ती सुबाभूळ. तिला काटेच नसतात. फुले पांढऱ्या गोंड्यांची आणि चपट्या, तपकिरी शेंगांचे घोस लोंबणारे. चारा व जळण यांसाठी ती मुद्दाम लावली गेली. बंधनात राहिली तर ती उपयोगी पडते, मोकळी सुटली तर रान व्यापते.

वेड्या बाभळीच्या गोड शेंगा गुरे-शेळ्या खातात आणि तिचे बी शेणा-लेंड्यांतून सर्वत्र रुजते. नुसते खोड तोडल्यास बुंध्यापासून पुन्हा धुमारे फुटतात. म्हणून ती काढावयाची तर मुळापर्यंत खणून काढावी. रोपावर फूल वा शेंग नसेल आणि पानावरून खात्री पटत नसेल, तर विळा खाली ठेवावा. एक हंगाम थांबल्याने काही बिघडत नाही.

डोंगराळ भागातील शिक्षकांनी आणखी दोन झुडपे ओळखावीत. घाणेरी अथवा टणटणी हिचे खोड चौकोनी व बारीक आकड्यांचे, पाने खरखरीत व समोरासमोर. पान चुरगळताच उग्र दर्प येतो. एकाच गुच्छात पिवळी, केशरी वा गुलाबी फुले दिसतात, व पिकलेली फळे काळी होतात. पक्षी ती खाऊन बी पसरवितात. हिचा पाला गुरांच्या पोटात गेल्यास यकृत बिघडते आणि उन्हाने त्यांची कातडी फुटते. शोभेसाठी बागेत आणलेले हे झुडूप कुंपण ओलांडून रानात गेले, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. दुसरे रानमोडी. कोकणात व सह्याद्रीच्या उतारांवर ती दाट माजते. तिच्या पानावर देठाजवळून त्रिशूळासारख्या तीन ठळक शिरा निघतात. हिवाळ्यात ती पांढुरक्या-जांभळट फुलांनी भरते, आणि वाळल्यावर तिच्या काड्या वणव्याला आयते इंधन पुरवितात.

नदीकाठच्या गावांतील मुले जलपर्णी रोज पाहतात. तिच्या देठाचा भाग फुगीर व आत हवेने भरलेला सच्छिद्र असतो, म्हणून ती तरंगते. तिची फिकट जांभळी फुले सुंदर दिसतात. कमळाचे मूळ तळाच्या चिखलात रुतलेले असते, तर जलपर्णीची काळी मुळे पाण्यात लोंबत असतात. सांडपाण्यातील खतावर ती झपाट्याने वाढते आणि पाण्यावर चटई अंथरल्याप्रमाणे प्रकाश अडविते. सांडपाणी न थांबविता नुसती जलपर्णी काढीत राहणे म्हणजे नळ सुरू ठेवून जमीन पुसणे होय.

ही सर्व ओळख पुस्तकापेक्षा परिसरात लवकर होते. शिक्षकाने महिन्यातून एकदा वर्गाला शाळेभोवती हिंडवून आणावे. पान, फूल, फळ, खोड व वास या पाच खुणांचा तक्ता मुलांकडून करून घ्यावा. वास मात्र शिक्षकाने निर्धोक ठरविलेल्या पानांचाच घेतला जावा. गावाचा साधा नकाशा काढून कोणती वनस्पती कोठे आढळली ते त्यावर दाखवावे आणि पुढील वर्षी तोच नकाशा पुन्हा भरावा. घरी गेल्यावर मुलांनी आजी-आजोबांना विचारावे, ‘तुमच्या लहानपणी हे झुडूप येथे होते काय? त्या जागी काय उगवत असे?’ या उत्तरांतून मारवेल, पवन्या, शेडा अशा चाऱ्याच्या गवतांची नावे पुन्हा मुलांच्या ओठांवर येतील.

गावातील शंभर झुडपे तोडून जे साधणार नाही, ते झाड ओळखणाऱ्या दहा मुलांमुळे साधेल. कारण तोडलेले पुन्हा उगवते, पण ओळखण्याची सवय लागलेली दृष्टी ते उगवताच हेरते. ती दृष्टी देणे हे शाळेचेच काम आहे. येत्या पावसाळ्यात विळे काढण्यापूर्वी प्रत्येक शाळेने एक दिवस केवळ पाहण्यासाठी राखून ठेवावा.