सुया आणि दप्तरे



अमेरिकेतील अभिलेखपालांची संस्था १९३६ साली स्थापन झाली. तिची वार्षिक परिषद आणि इतर देशांतील तशाच परिषदा यांचे स्वरूप साधारणपणे एकसारखे असते. कागद कसे जतन करावेत, सूची कशा तयार कराव्यात, कोणते दप्तर ठेवावे आणि कोणते नष्ट करावे, यांवर दिवसभर निबंध वाचले जातात. अशा वेळी मागच्या रांगेतील एखादी प्रतिनिधी पिशवीतून लोकरीचा गुंडा आणि सुया काढते. दृष्टी वक्त्याकडे, बोटे मोज्यावर. चार खुर्च्या पलीकडे बसलेल्या दुसरीच्या हे ध्यानात येते, आणि चहाच्या सुटीत तिचा पहिला प्रश्न निबंधाविषयी नसतो. टाच वळवून झाली का, असा असतो.

रात्री निवासस्थानाच्या दिवाणखान्यात अशा पाच-सहा जणी, आणि क्वचित एखादा पुरुषही, एकत्र बसतात. छातीवर लावलेल्या नाव-हुद्द्याच्या चिठ्ठीला तेथे फारसा अर्थ उरत नाही. मोठ्या संग्रहाच्या प्रमुखाशेजारी कायम नेमणुकीची वाट पाहणारी उमेदवार बसते, आणि सुटलेला टाका उचलण्याची युक्ती कधी कधी त्या उमेदवारालाच ठाऊक असते. दिल्लीच्या हिवाळ्यात कचेरीबाहेरच्या उन्हात विणत बसलेल्या स्त्रिया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. त्यांची थट्टा झाली तशी येथेही होते. ती अज्ञानातून होते.

विणकामाची पत्रके हेही अभिलेखच आहेत, आणि ज्याने कधी सुई हाती धरली नाही त्याला ते नीट वाचता येत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सैनिकांसाठी मोजे, हातमोजे व स्वेटर विणण्याची असंख्य पत्रके निघाली. त्यांत 'दहा नंबरची सुई' असे लिहिलेले असते. जुन्या ब्रिटिश मापात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकन मापाचा क्रम नेमका उलटा असून तेथे दहा नंबर म्हणजे सहा मिलिमीटर. सूचीकाराला हा भेद ठाऊक नसेल, तर वाचकाच्या हाती पडणारा मोजा हत्तीला चढवावा लागेल.

याहून मोठी चूक युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपोस या नगरातील तुकड्यांबाबत झाली. हे नगर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात उद्ध्वस्त झाले. उत्खननात मिळालेल्या तेथील लोकरी तुकड्यांची नोंद १९४५ च्या अहवालात दोन सुयांचे विणकाम म्हणून झाली. ईजिप्तमधील प्राचीन मोज्यांविषयीही असाच समज होता. १९७२ साली टोरांटोच्या रॉयल ऑन्टारिओ संग्रहालयातील डोरोथी बर्नहॅम यांनी दाखवून दिले की, असे मोजे नेढे असलेल्या एकाच सुईने, शिवल्यासारखे केलेले आहेत. वरून पाहता दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. पण खऱ्या विणकामातील धागा ओढताच भराभर उसवतो. या प्रकारात धाग्याचे टोक प्रत्येक फासातून गेलेले असल्यामुळे तो तसा उसवत नाही. हा फरक हातांना आधी कळतो. त्यानंतर दुराचे तुकडेही वेगळ्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले.

मग ही पत्रके जपली कोणी? कंपन्यांची इतिवृत्ते सांभाळणाऱ्या दप्तरखान्यांनी त्यांची फारशी पर्वा केली नाही, हा दोष त्यांना घ्यावाच लागेल. ज्यांनी ती जमवली त्यांत रिचर्ड रट हे लेस्टरचे बिशप होते. हा गृहस्थ आपला बिशपचा मुकुट स्वतः विणत असे. हातविणकामाचा त्यांचा इतिहास १९८७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यांचा संग्रह आज विंचेस्टरच्या कलाविद्यालयातील विणकाम-ग्रंथालयात आहे.

दिवाणखान्यातील गप्पा अखेर एखाद्या पेटीवर येतात. पेटीत अर्धवट विणलेला मोजा असतो, सुया तशाच अडकलेल्या. सोबत पत्रक, आणि त्याच्या समासात पेन्सिलीच्या रेघा. मोजा वस्तुसंग्रहालयात धाडावा आणि पत्रक दप्तरात ठेवावे, असे रूढ वळण सांगते. विणणाऱ्या मात्र हरकत घेतात. त्या रेघा म्हणजे संपलेल्या ओळींची मोजदाद आहे. शेवटची रेघ आणि सुईवरची शेवटची ओळ एकमेकींशी जुळते. दोहोंची ताटातूट केली, तर हात कोठे थांबला ते कळणार नाही. एका ठिकाणाहून आलेली कागदपत्रे एकत्रच ठेवावीत, हे तत्त्व फ्रान्समध्ये १८४१ च्या परिपत्रकाने घालून दिले होते. त्या त्याचाच दाखला देतात. लोकरीमागून कसर येईल, ही भीती कोणीतरी बोलून दाखवते. वस्तू पिशवीत बंद करून काही दिवस गोठवून ठेवली म्हणजे कसर मरते, असे उत्तर मिळते. हा उपाय तेथील बहुतेकींनी आपल्या घरच्या लोकरीवर आधीच करून पाहिलेला असतो.