मोटारीच्या चाकांवरील डाग

गिरगांवाहून २०२४ सालीं खुल्या झालेल्या सागरी मार्गानें वरळीकडे धांवणाऱ्या वेगवान मोटारींचीं ॲल्युमिनियम-मिश्रधातूचीं चाकें लवकरच तांबूस-काळीं पडतात. हा निव्वळ धुळीचा दोष नव्हे. ब्रेक दाबतांना झिजलेले लोखंडाचे तप्त कण चाकाच्या पातळ रोगणांत रुततात व खाऱ्या, दमट हवेनें गंजतात. पितळेस चिंच लावण्याची घरगुती युक्ति येथें योजूं नये. रोगण उडालेल्या जागीं आम्ल धातूसच खातें. धुण्याचा सोडा तर ॲल्युमिनियमचा उघड वैरी! चाक पूर्ण निवूं द्यावें, भरपूर पाण्यानें रेती वाहवून टाकावी, मग सौम्य साबण व मऊ कापड वापरावें. तरीहि डाग राहिल्यास हातमोजे घालून लोह विरघळविणारें उदासीन द्रावण लावावें; तें जांभळें होतांच, सुकण्यापूर्वीं, धुवावें. तारेची घासणी स्वयंपाकघरांतच राहूं द्यावी.